बारा प्लगांच्या दोन गाड्या

म्युनिकहून निघून ब्रेनर घाट उतरलो आणि ए22 महामार्ग जिथे संपतो त्या मोदेनाला रात्री पोचलो. मेहुण्याला साठच्या दशकातली इटालियन जीटी, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी, घ्यायची आहे. खिसा मासेरातीपुरता, जीव फेरारीत. "दाजी, तुम्ही सोबत असलात की माझा हात सैल सुटणार नाही," म्हणून मी.

सकाळी शहराबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये दोघी शेजारी उभ्या होत्या: 1962ची मासेराती 3500 जीटीआय आणि 1963ची फेरारी 250 जीटी लुसो.

लुसोपुढे मी आधी गप्पच झालो. पिनिनफारिना या डिझाइन कंपनीची रेखा, काचेभोवती काडीसारखे बारीक खांब. अशा जेमतेम साडेतीनशे बनल्या. मी खिशातून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं (हसू नका): मडगार्डला चिकटलं, दाराला नाही. बरोबर, बॉडी पोलादी. दारं, बॉनेट, डिकी अॅल्युमिनियमची. आत स्पीडोमीटर डॅशबोर्डच्या मधोमध. शेजारी बसलेल्या बायकोला वेग आयता दिसणार, म्हणजे भांडणाची सोय कंपनीनेच केलेली! 2953 सीसीचं व्ही12, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन, सुरू झालं तेव्हा मेहुण्याने डोळे मिटले. मी ओळखलं, आता अवघड आहे.

मासेरातीचं सौंदर्य असं अंगावर येत नाही. 1957मध्ये कंपनीने पैशाअभावी कारखान्याची रेसिंग टीम बंद केली, त्यानंतर घर चाललं ते या 3500 मॉडेलवर. सहा सिलिंडर एका ओळीत, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. लुसोच्या बारा सिलिंडरना एकेकच. म्हणजे प्लग मोजले तर दोघींत बारा-बाराच! हिचं लुकास इंजेक्शन (इंधन फवारणारी यंत्रणा) काढून तीन वेबर कार्ब्युरेटर बसवले होते. बऱ्याच मालकांनी तेच केलं. "मग मूळचं इंजेक्शन कुठाय?" असं विचारल्यावर मेकॅनिकने टेबलाखालून लाकडी खोकं ओढलं. सगळं जपून ठेवलेलं. इथे माझं मत पक्कं झालं: मासेरातीच. हिच्या बारीक पोलादी नळ्यांवर अॅल्युमिनियमचा पत्रा असल्याने दोन धातू भिडतात तिथे गंज आत धरतो. म्हणून दाराखाली बॅटरी मारून नीट बघितलं.

चालवायला मिळाली ती मासेरातीच. फेरारीच्या गावाच्या, मारानेल्लोच्या रस्त्यावर पाचव्या गिअरला ती अशी शांत धावली की वाटलं, रात्रीपर्यंत रोम गाठू. लुसोला गिअर चारच, हायवेवर इंजिन चढ्या आवाजात बोलत राहणार. शिवाय हॉलिवूड नट स्टीव्ह मॅक्वीनची लुसो 2007च्या लिलावात 23 लाख डॉलरला गेली. एवढ्या किमतीची गाडी ढाब्याबाहेर उभी करून जेवण घशाखाली उतरेल का?

दुपारी पानिनी कुटुंबाच्या फार्मवर गेलो. एकीकडे गायी आणि पार्मेजानो चीजची चाकं, दुसरीकडे मासेरातींचा संग्रह. मेहुण्याने किलोभर चीज घेतलं, आणि पैसे देताना मोबाइल काढला तर स्क्रीनवर लुसो.