टीव्ही-वनची नोंदवही : नोझल बोललं, तरी धूर

मागच्या नोंदीत इंजिन सुरू होत होतं, पण काळा धूर ओकत होतं आणि हातोडीने ऐरण ठोकावी तसं ठोकत होतं. दोन शनिवार-रविवार त्याच धुरात गेले.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. हे किर्लोस्करचं टीव्ही-१ डिझेल इंजिन, एक सिलिंडर, पाण्याने थंड होणारं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८७.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ११०, म्हणजे ६६१ सीसी. १५०० आरपीएमला ७ हॉर्सपॉवर. इंजिनिअरिंगला होतात तर प्रॅक्टिकलमध्ये बहुधा याच्याच हीट बॅलन्स शीट भरल्या असतील. माझं इंदूरजवळच्या सांवेरकडच्या एका विहिरीवरून आलंय. विजेची मोटर आली आणि हे गोठ्यात कडब्याखाली गेलं.

शनिवारी इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढून टेस्टरवर लावला. त्याचं भोकांचं टोक म्हणजे नोझल. टेस्टर घरचाच आहे: जुना बॉटल जॅक, ४०० किलोपर्यंत दाब दाखवणारा गेज, आणि सियागंजच्या बाजारात मिळालेला हाय प्रेशर पाइपचा तुकडा. दिसायला गबाळा, पण गेज खरा आहे, एका ओळखीच्या पंपवाल्याकडे ताडून आणलाय.

या इंजिनाचं नोझल उघडायला दाब हवा २०० बारच्या आसपास. माझं नोझल १६० लाच सुटत होतं. सुटत होतं म्हणजे काय, मुतत होतं. तीन भोकांपैकी एकातून धार, दुसऱ्यातून थेंब, तिसरं कार्बनने बंद. टोकाला कायम एक थेंब लोंबलेला. असं नोझल सिलिंडरमध्ये डिझेलचा धुरळा करत नाही, चूळ भरतं. ते जळायला उशीर लागतो आणि मग सगळं एकदम पेटतं, म्हणून तो ठोका.

साफ करून बघितलं. पितळी ब्रश, डिझेल, आणि भोकांसाठी पिन व्हाइसमध्ये बारीक तार. भोकं ०.३ मिमीची आहेत, तार त्याहून बारीक हवी. पोलादी ब्रश किंवा पॉलिश पेपर लावायचा मोह होतो. लावू नका, टोक गेलं समजा. नीडल (नोझलच्या आतली, डिझेलची वाट उघडझाप करणारी सुई) डिझेलमध्ये बुडवून एकतृतीयांश वर ओढली आणि सोडली. आपल्या वजनाने हळूच खाली जायला हवी. माझी मध्येच अडकली. नीडल आणि बॉडी यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते, त्यात ओरखडा पडला की इलाज नाही. जोडी एकत्रच बदलायची, याची नीडल त्याच्या बॉडीत चालत नाही.

नवं नोझल आणलं आणि तेही आधी टेस्टरवर चढवलं. नव्या डबीतलं म्हणजे चांगलंच, ही समजूत मला एकदा महागात पडली आहे. वर लावलेलं गंजरोधक तेल धुऊन घेतलं, नाहीतर नीडल चिकटते. माझ्या होल्डरला (नोझल ज्याच्या टोकाला बसतं तो भाग) टोपीखाली दाब ठरवणारा स्क्रू आणि चेकनट आहे, फिरवत फिरवत २०५ वर आणलं. स्प्रिंग बसल्यावर दाब थोडा उतरतो, म्हणून पाच जास्त. (स्क्रूऐवजी शिमवाला, म्हणजे पातळ चकत्यांचा, होल्डर असेल तर ०.१ मिमीच्या शिमला साधारण १० बार धरा.) मग १८५ वर दहा सेकंद धरून ठेवलं. टोक कोरडं. शेवटी भराभर दांडा मारला आणि ते बोललं, कर्र कर्र कर्र! खाली धरलेल्या वहीच्या पानावर तीन सारखे डाग. जॅकवर हा आवाज काढायला दंड भरून येतात, हळू दाबलं तर चांगलं नोझलही मुकं राहतं.

पान खाली चिमट्यात धरलं होतं, हातात नाही. ही धार कातडी फोडून आत जाते, वर सुईच्या टोकाएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखो न दुखो, थेट हॉस्पिटल. त्या धुक्याजवळ विडीसुद्धा नको, भडका उडाला तर डॉक्टरांकडेही जायची वेळ यायची नाही.

रविवारी सकाळी पोहे खाऊन बसवलं. नवं तांब्याचं वायसर, क्लॅम्पचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे. एक आधी पूर्ण आवळला तर होल्डर तिरका बसतो आणि कॉम्प्रेशन बाजूने फुसफुसतं. डिझेलच्या पाइपातली एअर काढली: आधी फिल्टर, मग पंप, शेवटी इंजेक्टरकडचा नट सैल ठेवून हँडल. डीकॉम्प्रेशनवर (व्हॉल्व्ह उघडा ठेवून, दाब न धरता) फिरवताना हेडमधूनही, म्हणजे सिलिंडरच्या झाकणातूनही, तोच कर्र ऐकू आला. मी खूश. इंजिन सुरू झालं.

काळा धूर. कालच्याइतकाच.

चिडून रामबागेतल्या आप्पांना फोन लावला. ते रोडवेजच्या डेपोत पंपरूममध्ये होते. संध्याकाळी आले, धूर बघितला, नोझलचं काहीच विचारलं नाही.

"जुनं वायसर दाखव."

ट्रेमध्ये शोधलं, पुठ्ठ्याखाली, चिंध्यांत. नव्हतंच.

"मग आत आहे. दोनांवर बसवून राहिलाय तू."

इंजेक्टर परत काढला, टॉर्च मारला. हेडच्या भोकाच्या तळाशी काळं कडं, कार्बनने इतकं माखलेलं की हेडचाच भाग वाटावा. वाकवलेल्या तारेच्या हुकाने निघालं. त्याच्यामुळे नोझलचं टोक वायसरभर वर राहत होतं. पिस्टनच्या वाटीत पडायचा फवारा वाटीच्या काठावर आदळत होता. टेस्टरवर पहिल्या नंबराने पास झालेलं नोझल आणि हा निकाल. पहिल्या दिवशी धूर नोझलचा होता, दुसऱ्या दिवशीचा माझा. रंग मात्र एकच.

जागा ब्रशने साफ केली, चुरा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून ग्रीस लावलेली चिंधी आधी खाली कोंबली, नंतर ती आठवणीने काढली. नवं वायसर एकदा दाबलं गेलं होतं, लाल तापवून पाण्यात टाकलं आणि मऊ करून परत वापरलं. आप्पांना हे पटलं नाही, म्हणाले दहा रुपयांसाठी कशाला. पण रविवारी संध्याकाळी दुकानं बंद होती.

आता मोकळं चालताना धूर जवळजवळ दिसत नाही, ठोका निम्म्यावर आलाय. उरलेला निम्मा टायमिंगचा, म्हणजे डिझेल फवारायच्या वेळेचा, असावा. पुस्तकात टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) २३ अंश आधी आहे, फ्लायव्हीलवरची खूण गंजाने पुसलेली. पुढच्या शनिवारी डायल गेज मागून आणतो आणि टीडीसी नव्याने शोधतो.