तारणाची कलमे वाचताना

व्यावसायिक कर्जाचा करारनामा हातात आला की बहुतेकांचे लक्ष व्याजदरावर खिळते. माझ्या मते मात्र त्यातला खरा महत्त्वाचा भाग तारणाच्या कलमांत असतो. जमीन किंवा इमारत गहाण ठेवली जाते, सोन्यासारखी वस्तू तारण ठेवली की तिचा ताबा बँकेकडे जातो, आणि कच्चा माल, यंत्रे, ग्राहकांकडची येणी यांवर नजरगहाण असते, म्हणजे वस्तू कर्जदाराच्याच ताब्यात व वापरात राहते, पण तिच्यावर बोजा बँकेचा असतो. देखरेखीचे सारे कष्ट या शेवटच्या प्रकारात आहेत, कारण गोदामातला माल रोज बदलतो. म्हणून ठरावीक मुदतीने साठ्याचे विवरणपत्र मागवून, त्यातून उधारीवर आणलेल्या मालाची देणी वजा केली जातात, उरलेल्या रकमेतून मार्जिन, म्हणजे कर्जदाराने स्वतः घालायचा वाटा, कापले जाते आणि मग उचल मर्यादा, म्हणजे प्रत्यक्ष काढता येणारी रक्कम, ठरते. समजा साठा 100 लाखांचा, त्यातली उधारी 20 लाखांची आणि मार्जिन 25 टक्के आहे. तर मंजूर मर्यादा 80 लाख असली तरी उचल 60 लाखांचीच मिळेल. नव्या उद्योजकांना हा फरक फार उशिरा कळतो.

एकाच मालमत्तेवर अनेक बँकांचा बोजा असेल, तर पहिल्या बोजाचे पूर्ण देणे भागल्यावरच दुसऱ्याची पाळी येते. समान हक्काच्या बोजात मात्र वसुली थकबाकीच्या प्रमाणात वाटली जाते. वैयक्तिक हमी याहून निराळी, कारण तिच्यामागे विशिष्ट वस्तू नसून हमीदाराची पत असते.