धाप लागतीय म्हणून वयावर ढकलू नका (मावशीच्या व्हॉल्व्हबद्दल)

आमच्या सोलापुरात पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात, त्यामुळं एखादीला धाप लागली की तंबाखूची धूळ, नाहीतर वय झालं म्हणून विषय संपतो. मावशीचंही तेच. पण तिला जिना चढताना तर दम लागायचाच, आडवं पडलं तरी लागायचा, आधी दोन उशा घ्यायची, मग भिंतीला टेकून बसूनच झोपायला लागली, आणि संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. असं दिसलं की हृदय तपासायलाच पाहिजे.

टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, मायट्रल व्हॉल्व्ह लीक, तोही सिव्हिअर. म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप नीट मिटत नाही, दर ठोक्याला थोडं रक्त उलटं मागं येतं, त्याचा दाब फुफ्फुसावर पडतो आणि धाप लागते. (रिपोर्टवर नुसतं ट्रिव्हियल, म्हणजे अगदी किरकोळ, लीक लिहिलं असेल तर घाबरू नका, ते बऱ्याच धडधाकट माणसांतही दिसतं.)

डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी सांधे सुजले होते का? आजीला पक्कं आठवत होतं, घसा दुखून ताप आला, मग एक गुडघा सुजला, तो उतरला की दुसरा. हाच तो रुमॅटिक फिव्हर. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच झडपांना इजा करतं आणि त्रास कळतो कितीतरी वर्षांनी! साधारण 5 ते 15 वयाच्या पोरांना हे जास्त होतं, म्हणून घसा-ताप असेल तर पोराला दाखवा, अँटिबायोटिक दिलं तर कोर्स पुरा करा. एकदा रुमॅटिक झालं की दर 3-4 आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, ते चुकवायचं नाही. व्हॉल्व्ह लीक व्हायला हार्ट अटॅक, झडपेतलं इन्फेक्शन, जन्मजात ढिली झडप अशी बाकी कारणंपण असतात.

लघवीच्या गोळ्यांनी सूज उतरते, झडप दुरुस्त होत नाही. जमेल तिथं सर्जन रिपेअरच करतात, पण मावशीची झडप जाड होऊन आक्रसलेली, म्हणून मेटलचा व्हॉल्व्ह बसवला. आता रक्त पातळ ठेवायला रोज अॅसिट्रॉम, जन्मभर, आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायला सांगितलाय. शेजारणी म्हणतात मेथी, पालक एकदम बंद कर. तसं नाही, खायचं पण दर आठवड्याला साधारण तेवढंच, एकदम वाढवलं की आयएनआर खाली येतो आणि व्हॉल्व्हवर गुठळी व्हायची भीती. दात काढायचा असला तरी डेंटिस्टला आधी व्हॉल्व्हचं सांगायचं, अँटिबायोटिक अगोदर घ्यावं लागतं, आणि अॅसिट्रॉम आपल्या मनानं एक दिवसही बंद करायची नाही.