प्रत्येक बिंदूवर नवी उत्तर

“इथे पुन्हा उत्तर दिशा कशाला काढायची? ती सुरुवातीला काढली आहेच की,” असे आज एका विद्यार्थिनीने फळ्याकडे पाहत विचारले आणि तो प्रश्न दिवसभर मनात रेंगाळत राहिला.

उदाहरण साधे होते: एक जहाज ०६० अंशांच्या बेअरिंगवर (म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेल्या कोनावर) १२ किलोमीटर जाते, मग वळून १५० अंशांवर ५ किलोमीटर जाते, तर ते मूळ ठिकाणापासून किती दूर आणि कोणत्या दिशेला आहे? वळणाच्या बिंदूवर उत्तरेची रेषा काढली नाही, तर ६० आणि १५० हे आकडे जसेच्या तसे त्रिकोणात शिरतात. ती काढली, की मूळ ठिकाण तिथून २४० अंशांवर असल्याचे कळते, त्यातून १५० वजा केल्यावर काटकोन मिळतो आणि अंतर १३ किलोमीटर येते. टॅनवरून, म्हणजे ५ आणि १२ या बाजूंच्या गुणोत्तरावरून, मिळालेले सुमारे २३ अंश ६० मध्ये मिळवले, की बेअरिंग ०८३.

आपण जिथे आहोत तिथल्या उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायचे, ही समज मला सूत्रांहून मोलाची वाटते. समुद्रावर दिशेतली एका अंशाची चूक ६० सागरी मैलांनंतर जहाजाला सुमारे एक मैल बाजूला नेते.

अर्थात, उत्तरेच्या या रेषा समांतर धरता येतात त्या थोड्या अंतरापुरत्याच. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकत्र येतात आणि लांबच्या प्रवासाला गोलीय त्रिकोणमिती, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरच्या त्रिकोणांचे गणित, लागते. हे शाळेतच, निदान एका आकृतीपुरते, का दाखवू नये?