शिलाई मशीनवरची देवी

शहापुरातल्या आमच्या माजघरात आईची शिलाई मशीन. वर सौंदत्तीच्या यल्लम्माची तसबीर, काचेवर भंडाऱ्याची बोटं उमटलेली. फॉल-पिको करताना आईचा अंगठा सुईजवळ सरकतो, तेव्हा अजूनही माझा जीव वर-खाली होतो.

म्हणूनच योलांडा लोपेझ यांचं १९७८ चं चित्र पाहून गलबलले. या चिकाना, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या चित्रकर्तीनं ग्वादालूपेच्या मातेच्या, म्हणजे मेक्सिकोत पुजल्या जाणाऱ्या मेरी मातेच्या, तेजोवलयात स्वतःच्या आईला बसवलंय. समोर शिलाई मशीन. देवीचा ताऱ्यांचा निळा शेला तीच शिवतेय! याच चित्रमालिकेत आजीही आहे, आणि धावत येणारी स्वतः योलांडा. कुणाला हा देवीचा अपमान वाटेल. मला मुळीच नाही.

आईला चित्र दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "हिची पण पाठ दुखत असणार बघ."