पोट भरत होते, वजन वाढत नव्हते

आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत वजन उतरवू पाहणाऱ्यांचीच गर्दी अधिक असते. वजन वाढत नाही म्हणून येणारे थोडे, आणि त्यांचे दुःख इतरांना दुःख वाटतच नाही. ‘खा की मग, तुला कोणी अडवले आहे?’ हे वाक्य त्यांनी घरीदारी इतक्यांदा ऐकलेले असते की माझ्यासमोरही ते काहीसे खजील होऊनच बसतात. मी ज्या तरुणाबद्दल लिहीत आहे तो चोवीस वर्षांचा होता, उंची १७८ सेंटिमीटर आणि वजन ५६ किलो. तो दीर्घकाळ नेमाने जिमला जात होता, वजनेही उचलत होता. तरीही दंड-छाती होती तशीच होती आणि वजनाचा काटा जागचा हलत नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्याने त्याला नाक दाबून खायला सांगितले होते. त्याने ते इतके मनावर घेतले होते की रात्रीचे ताट समोर आले की त्याला मळमळू लागे.

अशा वेळी आहाराकडे वळण्याआधी काही गोष्टी पाहाव्याच लागतात. वजन आपसूक घटत असेल, विशेषतः सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून अधिक उतरले असेल, तर तो विषय आधी डॉक्टरांचा असतो. थायरॉइडची अतिक्रियाशीलता, मधुमेह, आतड्यांचे विकार, नैराश्य किंवा भूक मारणारे एखादे औषध, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. या तरुणाचे वजन घटलेले नव्हते. किशोरवयापासून तो असाच सडपातळ होता आणि डॉक्टरांनी केलेल्या तपासण्या निर्दोष आल्या होत्या. जेवणानंतर तो मुद्दाम उलटी करतो का, वजन वाढण्याची त्याला कुठे भीती वाटते का, हेही मी त्याला स्पष्ट विचारले. हा प्रश्न मुलांना विचारायचे राहून जाते, म्हणून मी तो कधीच टाळत नाही.

रोज तीन हजारांहून अधिक कॅलरी आपण खातो, अशी त्याची खात्री होती. मी त्याला काही दिवस प्रत्येक पदार्थ वजन करून लिहायला सांगितले, तेव्हा आकडा तेवीसशेच्या आसपास निघाला. तो खोटे बोलत नव्हता. ज्याला प्रत्येक घास जड जातो त्याला आपण खूप खाल्ले असे मनापासून वाटते. श्रम खरे असतात, हिशेब तेवढा चुकतो. वजन स्थिर होते, याचा अर्थ त्याच्या शरीराचा खर्चही साधारण तेवढाच होता. स्नायू वाढायचे असतील तर त्यावर रोज तीनचारशे कॅलरी हव्या होत्या. पण ज्याला आहे तेच संपत नाही, त्याच्या पोटात त्या शिरणार कुठून?

नोंदवहीतून हे उलगडेना, म्हणून पुढच्या भेटीला मी त्याला दुपारचा डबा घेऊन बोलावले आणि नेहमीसारखे जेवायला सांगितले. मी समोर बसून फक्त पाहत होते. त्याने आधी पाण्याची अर्धा लिटरची बाटली रिकामी केली, कारण जेवणापूर्वी भरपूर पाणी प्यावे असे त्याने कुठेतरी वाचले होते. मग सॅलडचा डबा उघडला. काकडी, टोमॅटो आणि कोबी मिळून सुमारे तीनशे ग्रॅम भरले. हे सारे तो शांतपणे, नीट चावून खात होता. त्यानंतर तेलाचा थेंबही नसलेले उकडलेले चिकन आले, कातडी काढलेल्या छातीचे, दोनशे ग्रॅम. त्याचा अर्धा भाग संपेपर्यंत त्याचा वेग मंदावला. एकेक तुकडा तो कितीतरी वेळ तोंडात घोळवत होता, आणि कपाळावर घाम आला होता. भाताचा डबा सर्वांत शेवटी उघडला. बिनपॉलिशच्या तांदळाचा दोनशे ग्रॅम भात होता. त्यातला चौथा हिस्सा त्याने कसाबसा खाल्ला, चमचा डब्यात ठेवला आणि म्हणाला, “मॅडम, याच्या पुढे खरंच जात नाही.”

उरलेला भात मी काट्यावर ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून बेरीज केली. सॅलडच्या साठ, चिकनच्या तीनशे तीस आणि भाताच्या साठ कॅलरी मिळून साडेचारशे झाल्या. पाण्यासह त्याच्या पोटात किलोभराहून अधिक वजनाचा ऐवज गेला होता. जठर ताणले गेले की पोट भरल्याचा संदेश मेंदूकडे जातो, आणि तो संदेश कॅलरी मोजून दिला जात नाही. त्यातच प्रथिनांइतके पोट भरल्याची जाणीव देणारे दुसरे अन्नघटक नाहीत, आणि ती पचवण्यातच त्यांच्या ऊर्जेचा वीस ते तीस टक्के भाग खर्च होतो. म्हणजे वजन उतरवणाऱ्यांना मी जे जे सांगते ते सारे हा मुलगा वजन वाढवण्यासाठी निष्ठेने करत होता. आधी पाणी, मग भाज्या, मग चरबीविरहित प्रथिने आणि शेवटी पिष्टमय पदार्थ, हा क्रम कमी खाण्यासाठी उत्तम आहे.

आणखी एक गोष्ट त्या तासाभरात माझ्या नजरेस आली. टेबलाखाली त्याचा उजवा पाय सतत हलत होता. बोलताना तो उभा राही, परत बसे, पेन फिरवत राही. याला क्षुल्लक समजू नये. १९९९ मध्ये मेयो क्लिनिकमधील जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जादा खायला घातल्या होत्या. सर्वांना सारखेच जादा अन्न मिळूनही शरीरात साठलेली चरबी कोणाची साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरली, तर कोणाची सव्वाचार किलोच्या घरात गेली. हा फरक मुख्यतः व्यायामाबाहेरच्या नकळत होणाऱ्या हालचालींतून पडला होता. काहींचे शरीर जादा मिळालेली ऊर्जा चुळबुळीतच उडवत होते. हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने हलणाऱ्या पायाकडे पाहिले आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला. इतके दिवस त्याला वाटत होते की आपल्यात जिद्द कमी आहे.

मी सुचवलेल्या बदलांपैकी त्याला सर्वांत जड गेला तो प्रथिने कमी करण्याचा. तो दिवसाला सुमारे दीडशे ग्रॅम प्रथिने खात होता. स्नायूवाढीसाठी शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम पुरतात आणि २.२ ग्रॅमच्या पुढे फारसा लाभ दिसत नाही. त्याच्या वजनाला नव्वद ते सव्वाशे ग्रॅम पुरेसे होते. उरलेली प्रथिने त्याची भूक मारण्यापलीकडे काही करत नव्हती. हे पटवायला वेळ लागला, कारण जिममध्ये त्याने याच्या अगदी उलट ऐकलेले होते.

बाकीची मांडणी त्याच ताटाची केली. भात साधा पांढरा आणि आधी खायचा, त्यात मोठा चमचाभर तेल घालायचे, म्हणजे आकार न वाढता एकशे वीस कॅलरी वाढतात. चिकन निम्मे आणि मांडीचे, सॅलड दोनचार घासांपुरते आणि शेवटी, पाणी जेवणानंतर थोड्या वेळाने. अशा ताटाचे वजन आधीच्या एक तृतीयांशही भरले नाही आणि कॅलरी मात्र पाचशेच्या वर गेल्या. दोन जेवणांच्या मधल्या वेळेसाठी साय न काढलेले दूध, दुधाची पावडर, केळे आणि दोन चमचे पीनट बटर एकत्र घुसळून प्यायला सांगितले. त्यातून सुमारे सहाशे कॅलरी मिळतात, आणि द्रव पदार्थ घन अन्नाइतका वेळ पोट भरलेले ठेवत नाहीत. दूध सोसत नसते तर वेगळा मार्ग काढावा लागला असता; त्याला सोसत होते. हे पेय जेवणाच्या तोंडावर मात्र घ्यायचे नाही, कारण स्निग्ध पदार्थांमुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि पुढचे जेवण मागे पडते.

सकाळी तो नुसत्या कॉफीवर बाहेर पडत असे आणि दुपारपर्यंत काहीच खात नसे. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी वाढते, म्हणून मी त्याला ठरलेल्या वेळी दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे एवढेच खायला सांगितले. सुरुवातीला हेही त्याने औषधासारखे घेतले. काही आठवड्यांनी त्याने फोन करून सांगितले, “मॅडम, आज सकाळी मला चक्क भूक लागली.” त्या आनंदापुढे मला वजनाच्या नोंदी फिक्या वाटल्या.

वजन दर आठवड्याला दीड-दोनशे ग्रॅमने वाढू लागले, जे त्याच्या देहयष्टीला योग्यच होते. याहून घाई केली असती तर वाढीत चरबीचा वाटा अधिक पडला असता. ५९ किलोच्या जवळ काटा पुन्हा अडला. शरीर वाढले की त्याचा खर्चही वाढतो, हे मी आधीच सांगून ठेवले होते. त्याला लगेच ते पेय दुप्पट करायचे होते. मी नको म्हटले, कारण त्याने रात्रीचे जेवण मोडले असते. त्याऐवजी विश्रांतीच्या दिवशी तो जे लांब अंतर धावत होता ते निम्म्यावर आणले आणि रात्रीच्या भातातही चमचाभर तेल वाढवले. काटा पुन्हा हलू लागला आहे. आता वजनाबरोबर कमरेचा घेर आणि तो उचलत असलेली वजने यांची नोंद आम्ही ठेवतो. आहारातले स्निग्ध पदार्थ वाढवले असल्यामुळे रक्तातील कोलेस्टेरॉलची तपासणी त्याला करून घ्यायला सांगितली आहे, आणि ती येईपर्यंत तेलाचे प्रमाण आहे तेवढेच राहील.