तुम्ही विचारलंत म्हणून: भातलावणीचा तक्ता

"तुमच्याकडच्या बायका वर्षानुवर्षं टिकतात कशा?" मालवणचे हॉटेलवाले विचारतात, देवगडचे बागायतदार विचारतात. पुण्यात एका कंपनीत माणसं नेमायचं काम करणारा भाचा तर दर गणपतीत विचारतो. वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. 26 बायका, त्यातल्या 14 जणी दहा वर्षांहून जुन्या. विचारणाऱ्यांना वाटतं, मी जीव लावते म्हणून त्या राहतात. जीव लावतेच. पण त्यावर कुणाची चूल पेटत नाही, म्हणून आधी हिशोबाचं सांगते.

गरावरची तांबूस साल काढायचं काम, आम्ही पिलिंग म्हणतो, ते किलोवर चालतं. एका पावसाळ्यात लक्षात आलं, की रोज आठ किलो सोलणारी एक काकी पाच किलोवर आली आहे. मला वाटलं, वय झालं. मग एक दिवस शेजारी बसून दोन तास मीच सोलून पाहिलं. गर ड्रायरमधून नीट वाळून आला नव्हता, वर हवेतली ओल. साल नखाने निघेना, सुरी लावली की गर फुटे. दोष माझ्या ड्रायरचा आणि मजुरी कापली जात होती तिची. किती आठवडे, देव जाणे!

तेव्हापासून साल चिकटलेला माल आला, की त्या दिवशी पैसे हजेरीवर. माल चिकट आहे की नाही, हे बायकाच ठरवतात. त्या गैरफायदा घेतील, असं पुष्कळांनी बजावलं होतं. पण आता सकाळी पहिलाच गर सोलून त्या सांगतात आणि माल परत ड्रायरला जातो. फुटलेला गर, म्हणजे तुकडा, कमी झाला. 240 नंबरचा, म्हणजे पौंडाला 220 ते 240 बसणारा अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावातलं अंतर धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. जुना हात कशाला जपायचा, तेही त्यातच आलं.

आता भाताच्या लावणीचं. याबाबतीत मी चुकले होते.

सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे ग्रेडिंगला, म्हणजे आकारावरून गर निवडायला, एक बाई होती. गर नुसता बोटांवर घेऊन नंबर सांगायची. जुलैत एकदा येऊन म्हणाली, "वैनी, तरवो काढूक इलो हा. आठ दिस माका येवूक जमाचा नाय." तरवा म्हणजे भाताची रोपं, ती काढून लावायची वेळ आली होती. माझी मोठी ऑर्डर होती. मी म्हटलं, दोन दिवस घे, बाकी मजूर लाव. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी आली नाही, नंतरही कधी आली नाही.

तिचं बरोबर होतं. तरवा ऑर्डरसाठी थांबत नाही. आणि आमच्याकडे लावणी एकटीने होत नाही. आज हिच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, उद्या तिच्या. जी दुसरीच्या कुणग्यात उतरली नाही, तिच्या कुणग्यात कोण उतरणार? मी तिचे आठ दिवस नव्हे, तिची वाडीतली पत मागत होते. हे कळायला मला पुढचा पावसाळा लागला.

आता जूनमध्ये भिंतीवर तक्ता लागतो. कुणाची लावणी कधी, ते बायका आपसात बोलून लिहितात, पाऊस लांबला की पुसून पुन्हा लिहितात. जुलैच्या ऑर्डरी मी निम्म्याच घेते. गणपती आणि शिमग्याच्या सुट्ट्या ठरलेल्या. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरवर नसते, देवीचा कौल झाला की ती तक्त्यावर चढते.

प्रॉव्हिडंट फंडाचं आणि ग्रॅच्युइटीचं थोडक्यात. फंड चुकवायला हजेरीपटावर मुद्दाम 19 नावं ठेवणारे आणि ग्रॅच्युइटी चुकवायला पाच वर्षं भरायच्या आत बाईला महिनाभर घरी बसवणारे मी पाहिलेत. मला त्याची चीड येते. बारा वर्षं काम केलेल्या बाईला काम सोडताना ग्रॅच्युइटी म्हणून वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे 180 दिवसांची मजुरी मिळते, महिना 26 दिवसांचा धरून जवळजवळ सात महिन्यांचा पगार. तो तिने मिळवलेला असतो. मी प्रत्येकीला दर दिवाळीत तिचा आकडा कागदावर लिहून देते.

तरुण मुली मात्र राहत नाहीत. गोव्यात मोपाचा विमानतळ 2023 मध्ये सुरू झाल्यापासून इथून पोरं तिकडे जातात, तिथल्या हॉटेलांत जातात. तिथला पगार मला परवडणारा नाही. टरफलाच्या तेलाने हात काळे करून घ्यायला थांब, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आमच्या कटिंगवरची, म्हणजे टरफल फोडणारी, एक मुलगी गेली, तिची आई अजून पिलिंगला आहे. गेल्या जूनमध्ये त्या मुलीचा फोन आला. "वैनी, आवशीक लावणीक सोडतलात मा?" मी तक्त्यापाशी गेले आणि तिला तारखा वाचून दाखवल्या.